गाय, फ्रेम आणि कारखाना: लेस्टरशायरमधील एका कुटुंबाच्या शोधाच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२२

लेस्टर शहराच्या दक्षिणेला असलेल्या एका गावातील कुटुंबाचा इतिहास आमच्या स्थानिक इतिहास मंडळाने शोधावा, अशी विनंती त्या घरातील एका वयस्क बाईंनी केली आणि हे काम माझ्याकडे आले. बाईंची उमेदीची वर्षे होजिअरीच्या कारखान्यात शिलाई करण्यात गेली. आडनाव त्या भागात मोजक्याच घरांत आढळते, म्हणून या नोंदींत आडनाव आणि गाव दोन्ही गाळले आहे. घरात चालत आलेली कथा अशी की पूर्वी आपली शेती होती आणि कोणा एका पूर्वजाने ती जुगारात घालवली. गेलेल्या जमिनीची कथा इंग्लंडमध्ये घरोघरी ऐकू येते; फक्त कारण बदलते, कुठे जुगार, कुठे दारू, कुठे लबाड वकील. कथा बाजूला ठेवून, आजपासून एकेक पिढी मागे जात प्रत्येक नात्याला कागदाचा आधार शोधायचा, हा या कामाचा शिरस्ता आहे आणि तोच पाळायचा आहे.

सुरुवातीला योग चांगला जुळून आला. १९२१ ची जनगणना शंभर वर्षांची गोपनीयता संपून ६ जानेवारीला खुली झाली. तिच्या पानाच्या प्रतिमेला तेव्हा साडेतीन पौंड मोजावे लागले, पण ते सार्थकी लागले, कारण १९३१ चे इंग्लंड-वेल्सचे कागद डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. औद्योगिक अशांततेमुळे लांबून १९ जून १९२१ ला झालेल्या या गणनेत माणूस कोणाकडे काम करतो आणि कामाची जागा कोणती, हेही विचारले गेले. बाईंचे वडील त्या पानावर नऊ वर्षांचे आहेत. आजोबा आणि दोन थोरल्या आत्या एकाच होजिअरी कारखान्यात आहेत. आजीच्या नावापुढे घरकाम लिहिले आहे. पुढच्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही आहे, तिच्यात पूर्ण जन्मतारखा मिळतात आणि नंतर लग्न झालेल्या मुलींची नवी आडनावेही बहुधा वर लिहिलेली सापडतात. विसाव्या शतकासाठी एवढे पुरेसे आहे.

२७ जानेवारी २०२२

१९११, १८८१, १८५१ आणि १८४१ या चार गणना एकामागून एक वाचल्या. १९११ चा तक्ता कुटुंबप्रमुखाच्या स्वतःच्या अक्षरात असतो, त्यामुळे बाईंच्या आजोबांचे हस्ताक्षर प्रथमच पाहायला मिळाले. त्या वर्षी विवाहित स्त्रियांबद्दल लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जन्मली, किती हयात आणि किती दगावली, असे विचारले होते. आजोबांनी आकडे भरले आहेत: बारा वर्षे, सात, पाच, दोन. ती दगावलेली दोन मुले दोन गणनांच्या मधल्या काळात जन्मून गेली. हा रकाना नसता तर त्यांचा पत्ताच लागला नसता.

मागे जाताना धंदा बदलत नाही, पण जागा बदलते. १८८१ मध्ये बाईंचे पणजोबा कारखान्यात आहेत आणि त्यांचा मुलगा शाळेत आहे. १८५१ मध्ये त्यांच्या आधीची पिढी घरीच फ्रेमवर, म्हणजे मोजे विणण्याच्या यंत्रावर, काम करते. बाप मोजे विणतो, आई ते शिवून जोडते आणि सात वर्षांचे पोर सूत गुंडाळून देते. एका घराचा अख्खा कारखाना गणकाने चार ओळींत मांडला आहे. १८४१ च्या पानावर त्याच बापाच्या नावापुढे ‘एफ. डब्ल्यू. के.’ एवढेच आहे. गणकांना दिलेल्या लघुरूपांपैकी हे एक, फ्रेमवर्क निटरसाठी, म्हणजे फ्रेमवर विणणाऱ्यासाठी. धंद्यासाठी स्वतंत्र लघुरूप लागावे इतकी माणसे तो करत होती, हे त्या तीन अक्षरांतून कळते. १८४१ च्या गणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत आणि जन्मगावाऐवजी फक्त ‘याच परगण्यात, होय किंवा नाही’ एवढेच नोंदवत. जन्माची पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) आणि प्रमुखाशी नाते मिळते ते १८५१ पासून. त्यामुळे या दोन गणना शेजारी ठेवूनच वाचायच्या.

१६ फेब्रुवारी २०२२

जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या नव्या सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांसमोर आईचे माहेरचे आडनाव दिसते, त्यामुळे एका नावाच्या दोन मुलांत गल्लत होत नाही. जन्म न नोंदवल्यास दंड बसू लागला तो १८७५ पासून. त्याआधीच्या काळात काही मुले सुटलेली आहेत, हे गृहीत धरून चालले आहे.

तीन पिढ्यांचे विवाहदाखले मागवले होते, ते आले. १८३८ च्या दाखल्यावर वर आणि वधू दोघांच्याही सहीच्या जागी फुली आहे. १८६० च्या दशकातील दाखल्यावर वराची वेडीवाकडी सही आणि वधूची फुली. १८९९ मध्ये दोघांच्या सह्या आहेत आणि वधूची अधिक सुबक आहे. १८७० च्या शिक्षण कायद्याचा आणि त्यानंतर आलेल्या सक्तीचा परिणाम मोजायला आकडेवारी धुंडाळावी लागत नाही, हे तीन कागद पुरतात. या सगळ्या दाखल्यांत दोन्हीकडच्या बापाचे नाव आणि धंदा आहे. आईला मात्र जागाच नाही. १८३७ चा तो नमुना इंग्लंडमध्ये ४ मे २०२१ पर्यंत तसाच चालला, म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत! वंशवृक्षाची बायकांकडची बाजू अर्धी रिकामी राहते, त्यात शोधणाऱ्याच्या आळसाचा वाटा असेल, पण या छापील नमुन्याचा वाटा फार मोठा आहे.

१८३८ च्या वराचा बापही फ्रेमवर्क निटरच. वराचे वय पंचवीस, म्हणजे जन्म १८१३ च्या आसपासचा.

९ मार्च २०२२

गावच्या पॅरिश चर्चमध्ये १८१० ते १८१६ या काळात त्याचा बाप्तिस्मा नाही, आजूबाजूच्या गावांतही नाही. १८१३ पासून छापील रकान्यांची नोंदवही आल्यामुळे बापाचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण मिळते, त्यामुळे नजरचुकीला फारसा वाव नव्हता.

उत्तर धर्मात होते. मोजे विणणाऱ्या गावांत चर्च ऑफ इंग्लंड सोडून स्वतंत्र प्रार्थनामंदिरात जाणाऱ्यांची संख्या मोठी होती. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू वगळता सर्वांना लग्न पॅरिश चर्चमध्येच लावावे लागे, त्यामुळे हे लोक लग्नापुरते चर्चच्या वहीत येतात आणि मुलांच्या वेळी गायब होतात. सरकारी नोंदणी आल्यावर या मंदिरांच्या जुन्या वह्या सरकारने मागवून घेतल्या, त्या आता क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इंडिपेंडंट पंथाच्या एका वहीत आमचा माणूस सापडला आणि त्याच्या पाठोपाठ दोन भाऊ. पाळकाने आईचे माहेरचे नावही लिहिले आहे, जे पॅरिशच्या छापील रकान्यात कधीच मिळाले नसते.

३० मार्च २०२२

या प्रकल्पातील सर्वांत बोलका कागद आज हाती आला. तो १८१७ चा आहे. त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो.

१६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर टाकली आणि १६६२ च्या कायद्याने कोणता गरीब कोणत्या पॅरिशचा हे ठरवण्याची पद्धत घालून दिली. मदत मागायला आलेला माणूस आपल्या पॅरिशचा नसेल तर त्याला त्याच्या पॅरिशमध्ये परत धाडता येई. मात्र जन्म झाला ती पॅरिश कायम आपली राहत नसे. दुसरीकडे उमेदवारी केली, वर्षभर चाकरी केली किंवा वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेतली, की हक्क तिकडे सरके. बाईचा हक्क लग्नाबरोबर नवऱ्याच्या पॅरिशमध्ये जाई. वर्षभराच्या चाकरीने हक्क मिळतो म्हणून गड्याला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवणारे शेतकरी होते. कायदा आला की पळवाटही सोबत येते, हे तिकडेही चुकले नाही. १७९५ नंतर माणूस प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत त्याला हलवता येत नसे, एवढी सवलत मिळाली.

१८१७ म्हणजे नेपोलियनशी युद्ध संपून दोन वर्षे झालेली, मालाला उठाव नाही, विणकामाचे दर पडलेले. याच वर्षी शेजारच्या डर्बीशायरमध्ये पेंट्रिच येथे उठाव झाला आणि त्याचा पुढारी जेरेमाया ब्रँड्रेथ हा बेकार मोजेविणकर होता. त्या वसंतात १८१३ च्या मुलाच्या बापाने पॅरिशकडे मदत मागितली आणि दोन न्यायाधिकाऱ्यांसमोर त्याची तपासणी झाली. तो शपथेवर सांगतो, की आपण सुमारे सदतीस वर्षांचे आहोत, याच गावात जन्मलो, बाराव्या वर्षी शेजारच्या गावातील एका फ्रेमवर्क निटरकडे सात वर्षांच्या करारावर उमेदवार म्हणून गेलो, सात वर्षे त्याच्याच घरी राहिलो आणि जेवलो, नंतर परत आलो आणि त्यानंतर कुठेही हक्क मिळेल असे काही केले नाही. खाली फुली. तपासणीला जोडूनच हुकूम आहे: या माणसाला, त्याच्या बायकोला आणि तीन मुलांना शेजारच्या गावी हलवावे. मुलांची नावे आणि वये दिलेली आहेत आणि मधला मुलगा आमचा आहे, चार वर्षांचा.

जन्मगावातून माणसाला परका ठरवून काढले, तेही अवघ्या काही मैलांवरच्या गावात, आणि कायद्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते. १८४१ मध्ये कुटुंब पुन्हा मूळ गावात दिसते, म्हणजे दरम्यान कधीतरी ते परतले. त्या वेळेपर्यंत १८३४ च्या नव्या कायद्याने मदतीचा कारभार अनेक पॅरिशच्या युनियनकडे गेला होता आणि धाक होता तो वर्कहाऊसचा, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या घराचा.

वंशशोधाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट पक्की होते. ज्या शेजाऱ्याने कधी मदत मागितली नाही, त्याच्या वाट्याला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशा तीन ओळी येतात. ज्याने हात पसरला त्याचे अर्धे चरित्र ओव्हरसिअरच्या, म्हणजे गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्याच्या, पेटीत जपलेले असते. इंग्लंडमधल्या सामान्य माणसाचा कागद बहुतेक वेळा कोणाला तरी त्याच्याकडून काही हवे होते किंवा त्याला काही द्यायचे टाळायचे होते म्हणून जन्मला. पुढील प्रत्येक कागदाला आधी तोच प्रश्न विचारायचा: हा खर्च करून कोणी लिहून घेतला आणि कशासाठी?

२१ एप्रिल २०२२

थोडे आडवाटेचे काम. १८१३ च्या मुलाचा धाकटा भाऊ १८४१ मध्ये कुठेच नाही. फ्रेमचे काम बसले की पलटणीत भरती व्हायचे, हा त्या भागातील तरुणांचा नेहमीचा मार्ग होता, म्हणून १७ व्या लेस्टरशायर पायदळ पलटणीच्या हजेरीपटांकडे वळलो. हिंदुस्थानातील दीर्घ सेवेबद्दल या पलटणीला १८२५ मध्ये वाघाचे चिन्ह मिळाले. पहिल्या अफगाण युद्धात ही पलटण मुंबई फौजेबरोबर होती. जुलै १८३९ मध्ये गझनीला आणि नोव्हेंबरमध्ये कलातला तिने लढाई केली.

हजेरीपटात त्याचे नाव मिळाले आणि मोहिमेनंतर ‘मृत’ असा शेराही. मग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर पाहिले. मुंबई इलाख्यातील पाद्री बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नकला वेळोवेळी पाठवत, त्या तिथे आहेत आणि आता ऑनलाइनही वाचता येतात. दफनाच्या नोंदीत नाव, वय, पलटण आणि हुद्दा आहे; गावाचा उल्लेख नाही. लेस्टरशायरमधील त्याच्या आईला ही बातमी कशी आणि कधी कळली, याचा कागद असण्याचे कारणही नाही. त्याच्या ओळीचा शोध इथे थांबवतो.

१८ मे २०२२

आता जमिनीचा प्रश्न. १८१७ चा बाप १७८० च्या सुमाराचा. त्याचा बाप १७४० च्या दशकातला आणि आजोबा एन्क्लोजरच्या, म्हणजे खुल्या शेतांच्या कुंपणबंदीच्या वेळी हयात. या भागात गावाची शेते तीन मोठ्या खुल्या पट्ट्यांत असत. प्रत्येकाच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या त्यांत विखुरलेल्या, पिके सर्वांनी ठरवून घ्यायची आणि कापणीनंतर गुरे सामाईक सोडायची. ज्याची स्वतःची पट्टी एखाददुसरीच, त्यालाही चराईच्या हक्कामुळे गाय ठेवता येई. संसदेच्या स्वतंत्र कायद्याने हे मोडून प्रत्येकाला एकत्र तुकडा मोजून दिला जाई. जवळच्या विग्स्टन मॅग्ना गावाचा कायदा १७६४ चा आणि वाटपाचा अंतिम दस्त १७६६ चा. त्या गावातील शेतकरीवर्ग त्यानंतर कसा विरत गेला याचा अभ्यास लेस्टरच्याच डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो वाचल्याशिवाय या भागात वंशशोधाला हात घालू नये, असे माझे मत आहे.

आमच्या गावचा दस्तही त्याच दशकातला. आजोबाच्या नावे चार एकरांहून थोडी कमी जागा आहे. दस्तातील अटही वाचण्यासारखी आहे: ठरलेल्या मुदतीत स्वखर्चाने खळगा खणून, झुडपे लावून कुंपण घालायचे. शिवाय कायदा, मोजणी आणि आयुक्तांच्या मेहनतान्याचा वाटा. मोठ्या तुकड्याला हा खर्च पेलतो. छोट्या तुकड्याची परिमिती क्षेत्राच्या मानाने जास्त, म्हणून एकरी खर्चही जास्त. हे गणित तेव्हाच्या मोजणीदारांना ठाऊक नव्हते असे मानायला मी तयार नाही.

१७८० पासूनच्या जमीनमहसुलाच्या याद्या सलग मिळतात, कारण परगण्याचा मतदार ठरवताना त्यांचा आधार घेत. पहिल्याच यादीत तो तुकडा एका मोठ्या कुरणमालकाच्या नावे आहे. म्हणजे जमीन वीस वर्षांच्या आत गेली. जुगाराचा मागमूस नाही. विक्रीचा दस्त सापडला नाही, पण वेळ आणि खर्च दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. बाईंना हे कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, की बदनाम झालेल्या त्या पूर्वजाची आता माफी मागायला हवी.

१५ जून २०२२

१८५८ पूर्वीची मृत्युपत्रे धर्मपीठांच्या न्यायालयांत सिद्ध होत. आमच्या भागासाठी लेस्टरच्या आर्चडीकनचे, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याचे, न्यायालय. मृत्युपत्राबरोबर सोळाव्या शतकापासून सुमारे १७५० पर्यंत मयताच्या मालाची यादी जोडलेली मिळते. गावातील दोन-चार माणसे घरात शिरून खोलीमागून खोली फिरत आणि किंमत लावत.

कुटुंबाच्या दोन याद्या मिळाल्या. पहिली १६९४ ची, एका विधवेची. नवरा हयात असलेल्या बाईला स्वतःचे म्हणून मृत्युपत्र करणे जवळजवळ अशक्य होते, ते बदलले १८८२ च्या कायद्याने. त्यामुळे या काळात नावानिशी मालमत्ता असलेली बाई भेटते ती बहुधा विधवाच. यादीची सुरुवात रिवाजाप्रमाणे ‘थैलीतील पैसे आणि अंगावरचे कपडे’ अशी. मग बैठकीच्या खोलीत टेबल, बाक, दोन पितळी हंडे आणि प्यूटरच्या (कथलाच्या मिश्रधातूच्या) सहा थाळ्या. आतल्या खोलीत पिसांची गादी. अंगणात दोन गाई आणि एक डुक्कर. शेतात उभे वाटाणे आणि बार्ली. एकूण २३ पौंड ४ शिलिंग. विणकामाचे अवाक्षर नाही. तिच्या नवऱ्याच्या नावाने चूल-कराच्या यादीत एक चूल आहे, म्हणजे वर्षाला दोन शिलिंग. गरिबांना तो माफ असे. याने भरला आहे.

दुसरी यादी तिच्या नातवाची, १७३१ ची. घर तेच असावे, कारण खोल्या त्याच क्रमाने आहेत. आतल्या खोलीत गादीच्या जागी आता ‘मोजे विणण्याची एक फ्रेम’ आणि अंगणात एक गाय. फ्रेमची किंमत गाईपेक्षा जास्त लावली आहे. हे यंत्र नॉटिंगहॅमशायरच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये काढले, पण मिडलँड्सच्या खेड्यांत ते पसरले ते याच सुमारास. गाय आणि फ्रेम एका छपराखाली आहेत तोपर्यंत घराला दोन आधार आहेत: मोज्यांचा दर पडला तर दूध, पीक बुडाले तर मोजे. एन्क्लोजरनंतर गाय गेली. त्यानंतर फ्रेमही स्वतःची राहिली नाही. १८४५ च्या सरकारी चौकशीत साक्षीदार पुन्हा पुन्हा एकच गाऱ्हाणे सांगतात, की फ्रेम मध्यस्थाची आणि तिचे भाडे मात्र काम असो वा नसो आठवड्याला कापले जाते. ते भाडे कायद्याने बंद झाले १८७४ मध्ये, आणि तेव्हा वाफेचे कारखाने फ्रेमवाल्यांचा धंदाच गिळत चालले होते.

१७३१ पासून १८५१ पर्यंत पिढ्यानपिढ्या नावापुढे तोच धंदा लागतो. वंशवृक्षावर नुसते ‘फ्रेमवर्क निटर’ लिहिले तर सगळे सारखे दिसतील. त्यामुळे प्रत्येकाच्या चौकोनात धंद्याखाली आणखी दोन ओळी ठेवल्या आहेत: जमीन किंवा जनावर होते का, आणि फ्रेम कोणाची.

७ जुलै २०२२

पॅरिशच्या नोंदवह्या थॉमस क्रॉमवेलच्या १५३८ च्या आदेशाने सुरू झाल्या. आमच्या गावची पहिली वही मिळत नाही, पण दरवर्षी बिशपकडे जाणाऱ्या नकलांतून काही पाने भरून काढता आली. १७५२ पूर्वी इंग्लंडचे वर्ष २५ मार्चला सुरू होई; त्यामुळे जून १७०० चे लग्न आणि ‘फेब्रुवारी १७००’ चे मूल यांत काही वावगे नाही, तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७०१ चा. वृक्षावर अशा तारखा दोन्ही वर्षांसह लिहिल्या आहेत.

१६४० आणि १६५० च्या दशकांत, यादवी युद्ध आणि त्यानंतरच्या राजवटीत, वही जवळजवळ कोरी आहे. तिच्या अलीकडे १६९४ च्या विधवेचा नवरा आहे आणि पलीकडे त्याच नावाचे दोन चुलतभाऊ; दोघांचे बाप्तिस्मे चार वर्षांच्या अंतराने. त्या काळी जॉन, थॉमस आणि विल्यम या तीन नावांतच गाव आटोपत असे. दोघांपैकी त्याचा बाप कोणता, हे ठरवणारा कागद नाही, म्हणून दोन्ही रेषा तुटक काढल्या आहेत. बाईंच्या पुतण्याने एका संकेतस्थळावर तीच जागा ठाम रेषेने भरून पुढे एका सरदारघराण्यापर्यंत धाव घेतली आहे. ती साखळी आम्ही घेतलेली नाही आणि का घेतली नाही याचे टिपण फाइलला जोडले आहे.

वृक्षाच्या प्रती, १८१७ च्या तपासणीचे लिप्यंतर, दोन्ही याद्या आणि एन्क्लोजरच्या नकाशाचा आमच्या तुकड्यापुरता भाग एका पेटीत घातला. बाईंच्या संमतीने त्यांची स्वतःच्या कारखान्यातील नोकरीची आठवण ध्वनिमुद्रित करायची आहे, कारण कामाचे दर, शिलाईच्या टेबलांची रचना आणि तुकड्यावर मिळणाऱ्या पैशांचा हिशेब यांतले काहीच कोणत्याही सरकारी कागदात येत नाही. त्यासाठी सप्टेंबरमधील तारीख ठरली आहे.